गोळी घेतली तरी जंत परत का येतात? उत्तर दडलंय हत्तीच्या शेणात

१० फेब्रुवारी. राष्ट्रीय जंतनाशक दिवस.

या दिवशी अंगणवाडीत आणि शाळेत पोरांची रांग लागते. ताई किंवा गुरुजी प्रत्येकाच्या हातावर एक पांढरी गोळी ठेवतात आणि ती समोरच चावून खायला लावतात. गोळीचं नाव अल्बेंडाझोल, मात्रा ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्याहून मोठ्यांना वयाच्या १९ वर्षांपर्यंत पूर्ण. २०१५ पासून देशात हा कार्यक्रम सुरू आहे.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांच्या आश्रमशाळांतही ही गोळी पोहोचते. पोरं तोंड वाकडं करतात, गोळी चावतात, वर पाणी पितात.

आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा तेच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आता तुम्ही म्हणाल, गोळीने जंत मरतात ना? मग परत परत कशाला? गोळी खराब आहे का? की पोरं गोड जास्त खातात?

गोळी खराब नाही. आणि गोड खाल्ल्याने जंत होतात, ही आपल्याकडची फार जुनी समजूत असली तरी ती खरी नाही. खरं उत्तर शोधायचं तर पोटाच्या बाहेर बघावं लागतं. हे बाहेर बघण्याचं एक अख्खं शास्त्र आहे, त्याचं नाव परोपजीवींचं परिसरशास्त्र. आणि एका मराठी शास्त्रज्ञाने या शास्त्रात पीएचडी केली ती तमिळनाडूच्या जंगलात, वन्य प्राण्यांचं शेण आणि विष्ठा तपासून.

त्यांचं नाव डॉ. मिलिंद वाटवे.

आधी जव्हार-मोखाड्याकडे बघू

जव्हारला लोक ठाण्याचं महाबळेश्वर म्हणायचे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार तिकडे गेलं. डोंगराळ भाग, धो धो पाऊस, भात, नागली आणि वरईची शेती. वस्ती मुख्यतः आदिवासी. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर असे समाज इथे राहतात.

बाहेरच्या महाराष्ट्राला हा भाग खऱ्या अर्थाने माहिती झाला तो एका वाईट बातमीने. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालकांचे मृत्यू झाले आणि राज्यभर खळबळ उडाली. तेव्हापासून कुपोषण म्हटलं की मेळघाटासोबत जव्हार-मोखाड्याचं नाव येतंच.

कुपोषणाची चर्चा बहुतेक वेळा ताटापाशी सुरू होते आणि ताटापाशीच संपते. पोराला काय खायला मिळालं, किती मिळालं, पोषण आहारात काय होतं. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण खाल्लेल्या घासात पोटातला दुसरा कोणी वाटेकरी असेल, तर ते गणित बिघडतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिला आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के बालकांच्या अंगात रक्त कमी होतं. याला कारणं अनेक आहेत. आहारात लोह कमी असणं हे मोठं कारण, सिकलसेलसारखे आनुवंशिक आजार हे दुसरं, मलेरिया हे आणखी एक. आणि यात एक बारीकसा किडाही आहे. अंकुशकृमी, म्हणजेच हुकवर्म.

हा किडा करतो काय?

जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा हा जंत लहान आतड्याच्या आतल्या आवरणाला तोंडाने धरून बसतो आणि रक्त पितो. त्याच्या दोन मुख्य जाती माणसात सापडतात. त्यातल्या एका जातीच्या एका जंतामुळे रोज साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त जातं. दुसऱ्या जातीच्या जंतामुळे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर.

ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटतं. पण या दुसऱ्या जातीचे शंभर जंत पोटात असतील तर हिशोब करा. दिवसाला किमान १५ मिलिलिटर, महिन्याला साधारण ४५० मिलिलिटर. रक्तदान शिबिरात एका वेळी एवढंच रक्त घेतात. फरक इतकाच की शिबिरात धडधाकट माणूस रक्त देतो आणि त्यानंतर काही महिने पुन्हा देत नाही. इथे मात्र ते दर महिन्याला जातं.

हा किडा शरीरात शिरतो कसा, हे बराच काळ कोणालाच माहिती नव्हतं. ते कळलं एका अपघाताने. आर्थर लूस नावाचा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ इजिप्तमध्ये कैरोला काम करत होता. प्राण्यांवर प्रयोग करताना हुकवर्मच्या अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर पडला. थोड्या वेळात तिथे खाज सुटली, चामडी लाल झाली. काही आठवड्यांनी लूसला स्वतःच्याच विष्ठेत हुकवर्मची अंडी सापडली. त्याने काहीही गिळलं नव्हतं. म्हणजे अळ्या कातडीतून आत गेल्या होत्या. १८९८ साली त्याने हे जगाला सांगितलं.

आज आपल्याला पूर्ण साखळी माहिती आहे. माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात. ओली, सावलीतली, भुसभुशीत माती मिळाली की एक-दोन दिवसांत त्यातून अळ्या निघतात. साधारण पाच ते दहा दिवसांत त्या माणसाला लागण करण्याच्या अवस्थेत येतात आणि अनवाणी पायाची वाट बघत मातीतच थांबतात. पाय पडला की कातडीतून आत, तिथून रक्तात, रक्तातून फुप्फुसात. फुप्फुसातून घशात येतात, आपण त्या नकळत गिळतो आणि त्या आतड्यात पोहोचतात. तिथे त्यांची वाढ होते आणि मादी रोज हजारोंनी अंडी घालू लागते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हुकवर्म माणसाच्या पोटात वाढतो, पण पोटात त्याची संख्या वाढत नाही.

फ्लूचा विषाणू अंगात शिरला की एकाचे लाखो होतात. जंतांचं तसं नाही. अंडी पोटात घातली जातात, पण ती पोटात फुटून त्यांचे नवे जंत होत नाहीत. त्यांना बाहेर मातीत जावंच लागतं. म्हणजे पोटात पन्नास जंत असतील, तर ते पन्नासच्या पन्नास एकेक करून बाहेरून आत आलेले असतात.

याचा अर्थ असा की पोटातल्या जंतांची संख्या ही त्या माणसाच्या जगण्याची नोंदवही असते. तो कुठे चालतो, कुठे शौचाला जातो, काय खातो, कोणासोबत राहतो, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. माणसाचंच नाही, कुठल्याही प्राण्याचं.

बांडगूळ आणि यजमान

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला शास्त्रात परोपजीवी म्हणतात. आपल्या भाषेत त्याला फार नेमका शब्द आहे, बांडगूळ. आंब्याच्या फांदीवर उगवणारं, आंब्याचंच पाणी पिणारं झुडूप. आयतं खाणाऱ्या माणसालाही आपण बांडगूळच म्हणतो.

आणि परोपजीवी ज्याच्या जिवावर जगतो, त्याला शास्त्रात म्हणतात यजमान. सत्यनारायणाच्या पूजेला बसणारे यजमान वेगळे. हे यजमान न बोलावलेल्या पाहुण्याला जेवू घालत असतात.

पण बांडगूळ नुसतं आंब्यामुळे जगत नाही. त्याची फळं खाणारा फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी लागतो. तो चिकट बी फांदीवर सोडतो, तेव्हा नवीन बांडगूळ रुजतं. म्हणजे बांडगूळ समजून घ्यायचं तर झाड, पक्षी आणि त्या पक्ष्याचं उडणं-बसणं, सगळंच बघावं लागतं.

परोपजीवींचं परिसरशास्त्र नेमकं हेच करतं. डॉक्टर विचारतो, या रुग्णाला कोणता जंत झालाय? परिसरशास्त्रज्ञ विचारतो, याच्याच अंगात इतके जंत का आणि शेजारच्याच्या अंगात का नाहीत?

मुदुमलाईच्या जंगलात

मिलिंद वाटवे मूळचे सूक्ष्मजीवशास्त्राचे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात ते हा विषय शिकवायचे. सूक्ष्मजीवशास्त्र म्हटलं की पांढरा कोट, काचेच्या बशा आणि वातानुकूलित खोली डोळ्यांसमोर येते. वाटव्यांच्या पीएचडीचा विषय मात्र होता, मुदुमलाईच्या वन्य सस्तन प्राण्यांमधले यजमान आणि परोपजीवी यांचे संबंध. संस्था होती बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. १९९२ साली हा प्रबंध पूर्ण झाला.

मुदुमलाई तमिळनाडूत, निलगिरीच्या पायथ्याशी आहे. हत्ती, गवे, चितळ, सांबर, वाघ, बिबटे, रानकुत्रे असं सगळं एकाच जंगलात. एकच पाऊस, एकच माती, पण प्राण्यांच्या जगण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. कोणी कळपात, कोणी एकटा. कोणी गवत खातो, कोणी गवत खाणाऱ्याला खातो. कोणाच्या पोटात काय, याची तुलना करायला याहून चांगली जागा कुठली?

पण वाघाला धरून त्याचं पोट तपासणार कसं? तर तपासायचंच नाही. पोटातल्या जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, मग विष्ठाच गोळा करायची. प्राण्याला हात लावायचा नाही, बेशुद्ध करायचं नाही, त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही.

अशा तपासणीची पद्धत साधी असते. ताज्या शेणाचा वजन केलेला नमुना घेतात आणि मिठासारख्या क्षाराच्या दाट पाण्यात कालवतात. गाळ खाली बसतो, जंतांची हलकी अंडी वर तरंगतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. एका ग्रॅममध्ये किती अंडी आणि किती प्रकारची, यावरून पोटातल्या परिस्थितीचा अंदाज येतो. आपल्याकडे भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे काढतात ना, तत्त्व तेच.

१९८९ ते १९९१ या काळातल्या नमुन्यांवरून वाटवे आणि हत्तींचे प्रसिद्ध अभ्यासक रामन सुकुमार यांनी एक शोधनिबंध लिहिला. १९९५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. विषय होता, सस्तन प्राण्यांमधल्या परोपजीवींची संख्या आणि विविधता यांचा त्या प्राण्यांच्या जगण्याशी काय संबंध आहे.

राजाच्या पोटात जास्त गर्दी

त्यातला एक निष्कर्ष फार बोलका आहे. मोठ्या मांसाहारी प्राण्यांमध्ये परोपजीवींचे प्रकारही जास्त होते आणि विष्ठेतली अंड्यांची घनताही शाकाहारी प्राण्यांपेक्षा जास्त होती.

असं का व्हावं? परोपजीवींच्या बाजूने विचार केला की उलगडतं. अनेक जंतांचं आयुष्य दोन टप्प्यांत असतं. पहिला टप्पा हरणासारख्या प्राण्यात, दुसरा त्याला खाणाऱ्यात. पट्टकृमीच्या अळ्या हरणाच्या मांसात दबा धरून बसतात आणि हरणाची शिकार झाली की शिकाऱ्याच्या पोटात जाऊन मोठ्या होतात. म्हणजे वाघ जेवताना हरीण तर खातोच, सोबत हरणाचे भाडेकरूही घरी नेतो.

जंगलाचा राजा, अन्नसाखळीत सगळ्यात वर, त्याला कोणी खात नाही. पण वर बसण्याची किंमत तो आतून मोजत असतो. जो जसा जेवतो, तसे त्याला जंत मिळतात. हुकवर्मच्या बाबतीत आपण म्हटलं की जंतांची संख्या ही जगण्याची नोंदवही असते. मुदुमलाईत तीच नोंदवही एका अख्ख्या जंगलाची वाचली जात होती.

लांब सुळे आणि कमी जंत

दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, वाटवे आणि सुकुमार यांचा दुसरा निबंध 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच निष्कर्ष होता. लांब सुळे असलेल्या आशियाई हत्तींमध्ये परोपजीवींचं ओझं कमी असतं.

हे विचित्र वाटतं ना? सुळ्याचा आणि पोटातल्या जंताचा काय संबंध?

यामागे एक जुना सिद्धांत आहे. १९८२ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या रंगांबद्दल एक कल्पना मांडली होती. नर पक्षी इतके भडक का असतात? कारण रंग टिकवायला तब्येत लागते. जंतांनी पोखरलेल्या नराला चमकदार पिसं परवडत नाहीत. म्हणजे मादीसाठी नराचा रंग हा जणू त्याचा आरोग्य दाखला असतो. दिसायला चांगला म्हणजे आतून निरोगी, आणि तोच निरोगीपणा पिल्लांतही उतरण्याची शक्यता जास्त.

आशियाई हत्तींमध्ये बाहेर दिसणारे मोठे सुळे फक्त नरांना असतात, तेही सगळ्यांना नाही. बिनसुळ्यांच्या नराला मखना म्हणतात. सुळे खोदायला आणि झुंजायला कामी येतात, पण त्यांच्यावाचून मखन्यांचंही चालतंच. मग सुळे हाही आरोग्याचा दाखला असू शकतो का? शेणातल्या अंड्यांचं उत्तर होतं, असू शकतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं सिद्ध होत नाही. सुळे लांब असल्यामुळे जंत पळत नाहीत. शक्यता अशी की ज्याच्या अंगात प्रतिकारशक्ती चांगली, त्याला जंत कमी लागतात आणि वाचलेली ताकद सुळ्यांत दिसते.

पण हे जर खरं असेल, तर शिकारीच्या प्रश्नाकडे बघण्याची नजरच बदलते. हस्तिदंताचा चोरटा शिकारी कोणाला मारतो? सगळ्यात लांब सुळ्यांच्या हत्तीला. केरळच्या पेरियारमध्ये अशा शिकारीमुळे एका प्रौढ नरामागे शंभराहून जास्त माद्या उरल्याची नोंद १९८० च्या दशकाच्या शेवटी झाली होती. आपण समजतो, एक हत्ती गेला. प्रत्यक्षात रोगाला पुरून उरणारे नर एकेक करून वेचून काढले जात असतात आणि पुढच्या पिढीला त्यांचा वारसा मिळत नाही. हत्तींची संख्या पुढे भरून निघेलही, पण ते हत्ती तेवढेच काटक असतील का, हा प्रश्न राहतो.

जंत सगळ्यांना सारखे नसतात

परिसरशास्त्राने शिकवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे जंतांची वाटणी कधीच समान नसते.

समजा एका पाड्यावर शंभर माणसं आहेत आणि सगळ्यांच्या पोटात मिळून एक हजार जंत आहेत. तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा, असं कधीच होत नाही. बहुतेकांच्या पोटात चार-दोन असतात, काहींच्या पोटात एकही नसतो, आणि मोजक्याच माणसांच्या पोटात ढीगभर असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ क्रॉफ्टन यांनी १९७१ मध्ये हे गणितात मांडलं. पुढे रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी त्यावर अख्खं शास्त्र उभं केलं. ढोबळ हिशोब असा की साधारण वीस टक्के यजमानांकडे ऐंशी टक्के जंत असतात.

याचा परिणाम काय? ज्यांच्या अंगात सगळ्यात जास्त जंत, तेच सगळ्यात आजारी असतात आणि तेच मातीत सगळ्यात जास्त अंडीही सोडतात. नेमकी तीच माणसं गोळीच्या दिवशी गैरहजर असतील, तर बाकी सगळ्यांनी गोळी खाऊनही माती तशीच राहते.

यजमानही गप्प बसत नाही

यजमान काही नुसता बसून राहत नाही. तोही आपल्या परीने लढतो. टांझानियाच्या महाले डोंगरांमधले चिंपांझी पोट बिघडलं की खरखरीत पानं न चावता अख्खी गिळतात. मायकेल हफमन या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की या पानांसोबत आतड्यातले जंत बाहेर पडतात. मेंढ्या शक्यतो स्वतःच्या लेंड्यांजवळचं गवत टाळतात. माकडं एकमेकांच्या उवा काढत बसतात.

म्हणजे प्राण्यांच्या कितीतरी सवयींमागे परोपजीवींची भीती असू शकते. मैथिली जोग आणि मिलिंद वाटवे यांनी २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये नेमका हाच विषय मांडला. यजमानाचं वागणं घडवण्यात परोपजीवींचा आणि अंगावर राहणाऱ्या इतर निरुपद्रवी जिवांचा वाटा काय?

वाटव्यांचं काम जंतांपाशी थांबलं नाही. २००१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंकडून अजून किती प्रतिजैविकं सापडू शकतील याचा अंदाज मांडला, आणि जगभरच्या संशोधकांनी त्या निबंधाचा संदर्भ घेतला. २००२ मध्ये त्यांच्या गटाने वेडा राघू या पक्ष्यावर केलेला अभ्यास आला. आपलं घरटं समोरच्याला दिसतंय की नाही, याचा अंदाज घेऊन हा पक्षी घरट्यात जायचं की नाही ते ठरवतो, असं त्यात दिसलं. म्हणजे नाव वेडा, पण कारभार शहाण्याचा.

पुढे ते पुण्याच्याच आयसर या संस्थेत प्राध्यापक झाले. मधुमेहाकडे उत्क्रांतीच्या नजरेने बघणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक २०१३ मध्ये आलं. ताडोबाच्या कडेला रानडुकरं आणि नीलगाई शेतीचं नेमकं किती नुकसान करतात आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला न्याय्य पद्धतीने कशी मिळेल, यावरही त्यांच्या गटाने काम केलं. जंगलातल्या अनुभवांवर 'आरण्यक' हे मराठी पुस्तकही त्यांनी लिहिलं.

विषय दहा ठिकाणचे वाटतात, पण सूत्र एकच दिसतं. आजार असो की पिकाचं नुकसान, तो एकटा बघायचा नाही. ज्याला ते भोगावं लागतंय तो कसा जगतो, कुठे जगतो, ते आधी बघायचं.

आता परत जव्हारला येऊ

हीच नजर घेऊन त्या पांढऱ्या गोळीकडे बघा.

पहिली गोष्ट, गोळी पोट साफ करते, माती नाही. अल्बेंडाझोलने पोटातले बहुतेक हुकवर्म आणि मोठे गोल जंत मरतात. पण गोळी उद्याची लागण थांबवत नाही. पोर ज्या वाटेने शाळेत आलं त्याच वाटेने अनवाणी घरी जातं, आणि त्या मातीत अळ्या असतील तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून गोळी परत द्यावी लागते. ज्या भागात २० टक्क्यांहून जास्त मुलांना लागण आहे तिथे वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांहून जास्त असेल तिथे दोनदा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ती गोळी निकामी नाही. तिच्यामुळे पोटातल्या जंतांची संख्या सतत खाली राहते आणि पोराच्या अंगातलं रक्त वाचतं.

दुसरी गोष्ट, गोळी कोणाला मिळते? १ ते १९ वयोगटाला. गरोदर महिलांनाही रक्तवाढीच्या कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीत ती दिली जाते. पण हुकवर्मची खासियत अशी की त्याचं ओझं बहुतेकदा मोठ्या माणसांत जास्त असतं. राबावर, बांधावर, रानात अनवाणी राबणारे आईबाप या रांगेत नसतातच. पोराचं पोट साफ होतं आणि घरातल्या मोठ्यांकडून माती पुन्हा भरत राहते. केनियाच्या क्वाले भागात यावर मोठा प्रयोग झाला. नुसत्या शाळकरी मुलांऐवजी अख्ख्या गावाला गोळी दिली तेव्हा हुकवर्म जास्त कमी झाला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष आले. गावातल्या सगळ्यांना गोळी देऊन जंतांची साखळीच तोडता येते का, हे तपासणारा अभ्यास आपल्याकडे तमिळनाडूतही झाला आहे.

तिसरी गोष्ट, साखळी तुटते ती मातीत. उघड्यावर शौच थांबली की अंडी मातीत पडत नाहीत. पण शौचालय बांधणं वेगळं आणि वापरणं वेगळं. वापरायला पाणी लागतं. मोखाड्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. हंडाभर पाण्यासाठी उन्हात डोंगर उतरणाऱ्या बाईला शौचालयात बादलीभर पाणी ओतायला सांगणं सोपं नाही. म्हणजे जंतांचा प्रश्न शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतो.

चौथी गोष्ट, स्थलांतर. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर, बांधकामावर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे १० फेब्रुवारीला ती गावात नसण्याचीच शक्यता जास्त. गोळी चुकते नेमकी त्यांची, ज्यांना ती सगळ्यात जास्त हवी असते. त्यासाठी गोळीने शाळेची वाट सोडून भट्टीपर्यंत जायला हवं.

आणि पाचवी, साधी गोष्ट. पायात चप्पल. चिखलात लावणी करताना चप्पल टिकत नाही, हे मान्य. पण साचलेल्या पाण्यात या अळ्या फारशा तगत नाहीत. त्यांना हवी असते ओलसर, सावलीतली, जिथे लोक शौचाला जातात तिथली माती. निदान त्या वाटेवर पायात चप्पल असली तरी बरीच लागण टळते. मोठ्या गोल जंतांचा रस्ता मात्र तोंडातून जातो. त्यासाठी जेवणाआधी साबणाने हात धुणं आणि कच्च्या भाज्या नीट धुऊन खाणं हाच उपाय.

मग घरी काय करायचं?

पोराला शाळेतली गोळी चुकवू देऊ नका. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडं मळमळतं, पोट दुखतं. ते लगेच कमी होतं. त्रास जास्त वाटला तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला सांगा. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत, ते बरं झालं की नंतर देतात. घरातल्या मोठ्यांना थकवा, धाप, फिकटपणा असेल तर रक्त तपासून घ्या आणि औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि रक्तवाढीच्या गोळ्या चालू असूनही रक्त वाढत नसेल, तर जंतांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

मुदुमलाईत हत्तीच्या शेणातली अंडी मोजली तेव्हा त्यातून हत्ती कसा जगतो ते कळलं. जव्हारच्या पोराच्या पोटातले जंत मोजले, तर त्याच्या पाड्यावर पाणी पोहोचलंय का, शौचालय वापरात आहे का, आणि फेब्रुवारीत त्याचे आईबाप गावात होते की भट्टीवर, हे सगळं त्यातून कळेल.